घंगाळातलं पाणी

आमच्या घरात जीव घेत नाहीत, असं माझे मोठे दीर छाती फुगवून सांगतात. सांगतात ते धारच्या त्यांच्या बैठकीत बसून, आणि त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर जो फोटो आहे त्यात त्यांचे पणजोबा मेलेल्या वाघाच्या मानेवर पाय देऊन उभे आहेत. वाघ मारला होता दरबारच्या कुणा पाहुण्यानं; पणजोबा फोटोपुरते पुढे झाले. तो पाय अजून खाली आलेला नाही. दर रविवारी त्याच फोटोखाली मटणाचा रस्सा ओरपला जातो, नळ्या चोखल्या जातात, आणि मग हात धुऊन कुणीतरी म्हणतंच, की बाकी काही असो, जीव घेणं आपल्याकडे नाही.

मी देवासची. वडिलांना कारखान्यात नोकरी लागली म्हणून ते साताऱ्याकडून इकडे आले आणि आम्ही कॉलनीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. सासरच्यांच्या लेखी आम्ही 'कारखान्यातले'. त्यांचे पूर्वज दरबाराबरोबर आले, माझे वडील ट्रंक घेऊन एसटीनं आले, एवढाच काय तो फरक. पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तो मला दर सणाला पानात वाढला जातो. मी दातांची डॉक्टर आहे. म्हणजे दिरांच्या हिशेबी डॉक्टर नव्हेच, दात उपटणारी. ते मला 'डॉक्टरीणबाई' म्हणतात. त्यात आदर किती आणि खवचटपणा किती, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

तर आमच्या घरी एक ॲक्सोलॉटल होता. लेकीनं कॉलेजात असताना इंदूरच्या दुकानातून आणलेला. बेडकाच्या नात्यातला प्राणी, पण जन्मभर पाण्यातच राहतो. चार आखूड पाय, लांब शेपूट, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे गुलाबी कल्ले, आणि तोंडाची ठेवण अशी की हा आपल्यावर हसतोय असंच वाटावं. लेक नोकरीला पुण्याला गेली, हॉस्टेलवर त्याला परवानगी नव्हती. हौस मुलं करतात आणि पाणी आया बदलतात, त्याप्रमाणे तो माझ्याकडे राहिला. आधी कुरकुर केली. मग सवय झाली. मग, खरं सांगायचं तर, मला तो फार आवडायला लागला. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून घरी यावं, तर हा काचेशी येऊन उभा. पीपलरावाँ गावाहून येणारे एक पेशंट त्यांच्या खताच्या खड्ड्यातली गांडुळं मला डब्यातून आणून देत. चिमट्यानं गांडूळ पुढे केलं की तो क्षणभर विचार केल्यासारखा थांबायचा आणि गपकन तोंडात ओढायचा. घरातल्या बाकी कुणाला माझ्या येण्याचा एवढा आनंद होत नसे. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, "तो तुझ्यासाठी नाही येत, गांडुळासाठी येतो." असेना. नवरा जेवणासाठीच येतो, त्याला मी कधी काही बोलले का?

त्याला फक्त गार पाणी लागायचं. मे महिन्यात मी बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडायचे, खोलीत एसी चालू ठेवायचे. त्या वर्षी ऐन मे महिन्यात आमच्या बिल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर जळला. आज येतो, उद्या येतो करत वीज काही येईना. वरच्या मजल्यावरचं आमचं घर भट्टी झालेलं. नवरा म्हणाला, "धारला ठेवून ये दादाकडे. मागची खोली गार असते." ती खोली खरंच गार असते, शहाबादी फरशीची, उत्तरेकडे खिडकी असलेली. त्या खोलीत मला जायचं नव्हतं. पण दुसरा मार्गही नव्हता. मी टाकी, प्राणी आणि गांडुळांचा डबा गाडीत घातला आणि धार गाठलं.

भाऊजी एकटेच असतात. बांधकाम खात्यातून निवृत्त झाले, जाऊबाई गेल्या, मुलगा परदेशी. मी त्यांना नीट समजावलं. नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवायचं, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. सकाळी टाकीतलं थोडं पाणी काढायचं आणि तेवढंच बादलीतलं घालायचं. एक गांडूळ द्यायचं. बाकी काहीही करायचं नाही. हे शेवटचं वाक्य मी पुन्हा एकदा बोलले, कारण मी भाऊजींना ओळखते. काही करू नका असं सांगितलेलं त्यांना अपमानासारखं लागतं.

"अहो डॉक्टरीणबाई, आमच्या घरात घोडे पाळलेत लोकांनी," ते म्हणाले. "ही पाल काय चीज आहे!"

घोडे त्यांच्या घरात कुणी पाळले होते कोण जाणे. मी आल्यापासून तिथे एक स्कूटर होती.

वीज आल्यावर एका रविवारी मी त्याला परत आणायला गेले. फोनवर भाऊजी रोज "एकदम मजेत आहे" म्हणत होते, त्यामुळे मी निवांत होते. बैठकीत रश्श्याचा वास सुटला होता. भाऊजी मला मागच्या खोलीत घेऊन गेले आणि त्यांनी आधी टाकीकडे नाही, तिच्या शेजारी बोट दाखवलं. तिथे त्यांचं तांब्याचं घंगाळ ठेवलेलं होतं. दोन कड्यांचं, जुनं, एखादं मूल बसून आंघोळ करेल एवढं मोठं. ते असं लखलखत होतं की माझं तोंड त्यात दिसलं.

"प्लास्टिकच्या बादलीतलं पाणी म्हणे!" भाऊजी म्हणाले. "मी म्हटलं, पाहुणा जीव आहे आपल्याकडे आलेला. त्याच्यासाठी खास घंगाळ काढलं. चिंचेनं घासून घेतलं. स्वतः! कामाच्या बाईंच्या भरोशावर नाही सोडलं. रात्रभर तांब्यातलं पाणी, सकाळी टाकीत. बिल्कुल तुम्ही सांगितलं तसंच, उलट त्याहून चांगलं."

मी टाकीत बघितलं. तो एका कुशीवर तरंगत होता. कल्ल्यांची पिसं झडून नुसते बुंधे उरले होते. अंगावरची कातडी पांढऱ्या चिंध्यांसारखी सुटत होती आणि खालचं मांस लालबुंद दिसत होतं. मधूनच तो एक झटका देऊन उलटा व्हायचा, पुन्हा सरळ व्हायची धडपड करायचा, आणि दमून तसाच राहायचा. तोंड मात्र तसंच हसरं. मला ते बघवेना.

तांबं ह्या जातीच्या प्राण्यांना विष असतं. ते पाणी पीत नाहीत, सबंध कातडीनं आत घेतात. वर भाऊजींनी घंगाळ चिंचेनं घासून ताजं तांबं उघडं केलेलं, आणि पाणी रात्रभर त्यात मुरवलेलं. मारायचंच ठरवलं असतं तर एवढं बेमालूम जमलं नसतं. आणि हा माणूस रोज सकाळी तांब्याच्या लोट्यातलं पाणी पिऊन सगळ्या धारला त्याचे फायदे सांगत फिरतो. त्यांना वाटलं, जे आपल्या पोटाला मानवतं ते जगातल्या प्रत्येक जीवाला मानवलंच पाहिजे. आपल्यापेक्षा वेगळं शरीर कुणाचं असू शकतं, ही शंका त्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणाच्या मनाला शिवलेली नाही.

मी त्याला स्वच्छ पाण्याच्या टबात हलवलं आणि इंदूरच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. लेकीनं कधीतरी त्यांचा नंबर दिला होता. असले चमत्कारिक प्राणी बघणारे तेवढेच. त्यांनी व्हिडिओ मागवला. बघून हिंदीत, अगदी शांतपणे म्हणाले, की कल्ले गेलेत, कातडी गेलीय, ह्यातून तो उठणार नाही. मरेल, पण लवकर नाही. चार-पाच दिवस असाच तडफडेल.

"आप तो डेंटिस्ट हैं ना?" ते म्हणाले. "इंजेक्शन से पहले मसूड़े पर जो सुन्न करने वाला जेल लगाती हैं, वो होगा आपके पास?"

होतं. घरोघरच्या म्हाताऱ्या नातलगांच्या हिरड्या दुखतात म्हणून एक ट्यूब माझ्या पर्समध्ये कायम असते. त्यांनी तिच्यावरचं नाव आणि औषधाचं प्रमाण वाचायला लावलं, किती आणि कुठे लावायचं ते सांगितलं. कातडीतून ते आत जातं, आधी गुंगी येते, मग काहीच कळेनासं होतं, मग सगळं थांबतं. हालचाल थांबली म्हणजे संपलं असं समजू नका, बराच वेळ तसंच राहू द्या, मग मला परत फोन करा, म्हणाले. आणि काहीही झालं तरी जिवंतपणी फ्रीजरमध्ये ठेवू नका.

हे त्यांनी का सांगितलं ते मला पुढच्या दहा मिनिटांत कळलं. नवऱ्याला फोन केला तर तो पहिलं वाक्य बोलला, "फ्रीजरमध्ये ठेवून दे ना, झोपल्या झोपल्या जाईल." इंजिनियर माणूस. रक्त गोठताना कसं वाटतं ह्याचा अनुभव असल्यासारखा बोलला. मी फोन ठेवला.

लेकीला सांगितलं. ती आधी रडली, मग भाऊजींना शिव्या दिल्या, ज्या माझ्या मनातल्या मनात देऊन झाल्या होत्या. मग म्हणाली, "आई, तू कर. त्याला असं ठेवू नकोस." प्राणी तिचा होता. तिनं सांगितलं, माझ्यापुरता प्रश्न मिटला.

पण आमच्या घरात प्रश्न असे मिटत नाहीत. भाऊजी दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हे इथे होणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"आपल्याकडे पाळलेल्या जीवाची हत्या होत नाही. त्याचं आयुष्य जेवढं असेल तेवढं तो जगेल. आपण कोण ठरवणारे?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. त्यातल्या बोकडाचं आयुष्य किती होतं हे कुणी ठरवलं, असं माझ्या अगदी ओठावर आलं. मी म्हटलं, "भाऊजी, त्याला दुखतंय."

"त्याला काय कळतंय! हसतोय बघा."

एवढ्यात शेजारचे गृहस्थ कुकरच्या वासावर आल्यासारखे आले. भाऊजींचे रोजचे गप्पांचे सोबती. टबात वाकून बघितलं, चुकचुकले, आणि त्यांनी तोडगा काढला. "भाभीजी, मेरी मानो तो धरमपुरी ले जाओ। नाव में बैठ के नर्मदाजी में छोड़ दो। मैया सँभाल लेगी। क्यों भिया, गलत बोल रिया हूँ?"

"हौ, हे एकदम सही आहे," भाऊजी म्हणाले. "गाडी मी काढतो. पुण्यही लागेल."

म्हणजे मे महिन्याच्या उन्हात त्याला गाडीतून हादरे देत नेऊन, कोमट पाण्यात, माशांनी जिवंत कुरतडायला सोडायचं. आणि परत येताना घाटावर देवाला नमस्कार करायचा. ते दोघं माझ्याकडे असे बघत होते की केवढी मोठी सवलत दिली. त्यांचं एकच म्हणणं होतं: तडफड चालेल, पण ती आपल्या डोळ्यांसमोर संपता कामा नये. मला त्या क्षणी दोघांचीही किळस आली. मी तसं तोंडावर दाखवलंसुद्धा, कारण शेजारी "मैं तो चलता हूँ" म्हणून निघून गेले.

त्या खोलीत मला जायचं नव्हतं असं मी म्हटलं, त्याचं कारण सांगते. जाऊबाई त्याच खोलीत गेल्या. त्यांचा पलंग खिडकीशी होता, जिथे आता टाकी ठेवलेली होती. कॅन्सर हाडांत उतरला होता. त्या घरात मला 'कारखान्यातली' न म्हणणारी ती एकटी बाई. माझ्या पहिल्या सणाला त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन आधी जेवायला घातलं होतं, "बाहेर मानपान होईपर्यंत तू उपाशी मरशील" म्हणून. इंदूरच्या डॉक्टरांनी त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. भाऊजींनी त्या आणल्या नाहीत. मॉर्फिन म्हणजे अफू, आणि आमच्या घरातली बाई अफू खाऊन मरणार नाही, असं ते म्हणाले. हे म्हणणारा माणूस माळव्यातला, ज्याच्या आजोबा-पणजोबांच्या काळात अर्ध्या दरबाराची शान अफूवर चालायची. मी त्यांच्याशी भांडले. सवय लागायला त्यांच्याकडे वेळ तरी उरलाय का, असं विचारलं. "दात उपटणाऱ्यांना कॅन्सरमधलं काय कळतं?" एवढंच उत्तर मिळालं, आणि नवरा खाली मान घालून फरशी बघत राहिला. मग काढे झाले, तेलं झाली, आणि रोज सकाळी तांब्यातलं पाणी. ते भाऊजी स्वतः पाजत. जाऊबाई पदराचा बोळा दातांत धरून पडून असायच्या. एकदा मी एकटी असताना त्यांनी तो बोळा काढला आणि मला विचारलं, "तू दात काढतेस तेव्हा आधी बधिर करतेस ना ग?"

"हो."

"सगळ्यांना?"

"हो, अक्का."

"मग बरं आहे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बोळा दातांत धरला.

त्या रविवारी टबाशी मी उभी होते ती ह्या सगळ्यासकट. मी भाऊजींना म्हणाले, "मी हे इथेच करणार आहे. तुम्हाला बघायचं नसेल तर तिकडे जाऊन जेवून घ्या."

मला वाटलं ते आरडाओरडा करतील. वडीलधारेपणा काढतील, नवऱ्याला फोन करतील. ते दारातच उभे राहिले.

मी हात धुतले, हातमोजे ओले केले. त्याला एका उथळ ताटात थोड्याशा पाण्यात घेतलं. स्टीलच्या ताटात, हे सांगायला नको. त्याचं वजन माझ्या तळहातावर जेमतेम जाणवत होतं. डॉक्टरांनी सांगितलं तसं जेल त्याच्या पोटाला आणि डोक्यामागे हलक्या हातानं लावलं. जिथे कातडी नव्हती तिथे बोट लागू नये म्हणून मी श्वास धरून होते. माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाशी बोलते तसंच मी त्याच्याशी बोलत होते. झालं हं, आता काही दुखणार नाही. त्यानं एकदा शेपूट हलवलं. मग पायांची बोटं, जी तो सारखी आवळत होता, ती एकेक करून सैल झाली. झटके थांबले. इतका वेळ त्याचं सगळं अंग ताठ होतं हे मला ते सैल पडल्यावर कळलं.

मला रडू आलं. एका पालीसारख्या दिसणाऱ्या प्राण्यासाठी मी धारच्या त्या खोलीत हुंदके देऊन रडले, आणि भाऊजी बघताहेत ह्याची मला जरासुद्धा लाज वाटली नाही.

बराच वेळ गेला. बाईंनी दोनदा पानं वाढल्याची हाक मारली. कुणी गेलं नाही. मी डॉक्टरांना पुन्हा फोन केला, त्यांनी सांगितलं तसं तपासून पाहिलं. तो गेला होता. एका जुन्या सुती रुमालात मी त्याला गुंडाळलं.

भाऊजी आत आले आणि खिडकीशी, टाकीच्या बाजूला खुर्ची ओढून बसले. ती जागा निवडायचं त्यांना काही कारण नव्हतं. जाऊबाईंच्या वेळी त्यांची खुर्ची तिथेच असायची.

"त्याला कळलं नाही ना काही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"जेल लावल्यावर लगेच थांबलं त्याचं ते... तडफडणं."

"हो."

ते ट्यूबकडे बघत होते. ती मी टाकीच्या झाकणावर ठेवली होती. एवढीशी, पिवळी, अर्धी दाबलेली. त्यांनी ती उचलली आणि चष्मा वर करून वाचायचा प्रयत्न केला, मग पुन्हा ठेवून दिली.

"तिला त्या डॉक्टरनं लिहून दिल्या होत्या त्या गोळ्या," ते म्हणाले. "त्यांनीपण असंच झालं असतं?"

ह्या प्रश्नाची मी किती वर्षं वाट बघितली होती. ह्याचं उत्तर मी आंघोळीला जाताना, गाडी चालवताना, कुणाच्या तोंडात ड्रिल धरून उभी असताना शंभर प्रकारांनी तयार केलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्या उत्तरात भाऊजींचं तोंड बघण्यासारखं झालेलं असे. आता ते समोर बसले होते आणि ते सगळं बोलायची गरजच उरली नव्हती.

"जीव गेला नसता त्यांनी," मी म्हणाले. "जायचा तेव्हाच गेला असता. फक्त दुखलं नसतं."

त्यांनी मान हलवली. मग समोरच्या घंगाळाकडे बघत राहिले. मी त्यांची समजूत घातली नाही. कसली घालणार? मला त्यांची दयाही आली नाही, हेही सांगून टाकते.

"मन लावून घासलं होतं हो मी ते," ते शेवटी म्हणाले.

ते खरं होतं. मी रुमालातला प्राणी उचलला आणि गाडीची किल्ली शोधायला लागले.